एका शर्टाच्या दोन बाह्या: अखंड पट्टीच्या टोकाचं प्रकरण

तिने शर्ट टेबलावर पसरला, दोन्ही कफ माझ्याकडे वळवले आणि गप्प उभी राहिली. उजव्या बाहीवर, कफाच्या वरची चीर जिथे संपते तिथे, एक चुणी पट्टीखाली अडकून बसली होती. इस्त्री फिरवून ती मोडली नव्हती, उलट चपटी होऊन जास्तच उठून दिसत होती. डाव्या बाहीला चुणी नव्हती. तिथे नेमक्या त्याच जागी भोक होतं. असेल दोनेक मिलिमीटरचं, पण कडेने धागे सुटून बाहेर आले होते.

शर्ट तिने स्वतः शिवलेला, लांब बाह्यांचा पहिलाच. कॉलर छान बसली होती, खांद्याच्या शिवणी सरळ होत्या, काजं नीट होती. "ताई, सगळा शर्ट जमला आणि इथेच दोनदा हरले," ती म्हणाली. "एकीकडे चुणी आली म्हणून दुसरीकडे जपून केलं, तर तिथे कापडच सुटलं. आता काय बदलायचं तेच कळत नाही."

चुणी पडलेलं टोक मी पुष्कळदा पाहिलं आहे, भोक पडलेलंही. पण एकाच शर्टावर, एकाच हाताने शिवलेल्या दोन बाह्यांवर, एकमेकांच्या अगदी उलट असे दोन दोष समोर ठेवलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. दोन्हींचं मूळ एकच निघालं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

शर्टाची माहिती

ज्यांनी ही पट्टी कधी शिवली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लांब बाहीचा कफ मनगटाला घट्ट बसतो, पण हात आत घालताना तो मोठा उघडावा लागतो. म्हणून बाहीच्या खालच्या कडेपासून वर एक चीर देतात. ती बाहीच्या मागच्या अर्ध्या भागात, करंगळीच्या रेषेत येते. बाही सपाट पसरली तर मागच्या बाजूच्या काखेच्या शिवणीपासून साधारण पाव रुंदीवर. या चिरेच्या दोन्ही कडा एकाच सलग पट्टीने बांधायच्या, म्हणजे पट्टी एका कडेने वर जाते, टोकाला वळसा घालते आणि दुसऱ्या कडेने खाली येते. हीच अखंड पट्टी. पुरुषांच्या औपचारिक शर्टावर दिसते ती टोकदार, दोन तुकड्यांची पट्टी वेगळी. तिला जास्त कापड लागतं, जास्त घड्या लागतात, आणि नवशिके तिला घाबरतात. खरी अवघड मात्र ही अखंड पट्टी आहे, असं मला वाटतं. दोन तुकड्यांच्या पट्टीत चिरेचं टोक एका चौकोनी घडीखाली झाकलं जातं. अखंड पट्टीत ते उघडं राहतं, आणि तिथे जे काही चुकलं असेल ते सगळं दिसतं.

तिचं कापड पातळ सुती पॉपलिन होतं. चीर 8 सेंटीमीटर ठरवलेली. पट्टी 18 सेंटीमीटर लांब आणि 3.2 सेंटीमीटर रुंद, उभ्या धाग्यात कापलेली. हिशेब बरोबर होता. चिरेच्या दुप्पट लांबी 16, त्यात दोन्ही टोकांना 1-1 सेंटीमीटर जास्त. रुंदीत दोन्हीकडे 6-6 मिलिमीटर माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं कापड, गेली की 2 सेंटीमीटर उरतात, ते दुमडले की तयार पट्टी 1 सेंटीमीटरची. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी घेण्याचा मोह तिने टाळला होता, तेही योग्यच. उरेब कापड ताणलं जातं आणि इथे तर चीर ताणली जाऊ नये म्हणून पट्टी लावायची असते.

टाका 2.5 मिलिमीटरचा. सुई 14 नंबरची, म्हणजे 90ची. या कापडाला ती जाड.

पहिला अंदाज, आणि तो चुकला

सुई पाहिल्याबरोबर मला वाटलं की दोष सापडला. पातळ पॉपलिनमध्ये जाड सुई धागे बाजूला सारते, मोठी भोकं पाडते, आणि झिगझॅग मशीनच्या सुईखालच्या पत्र्यातलं भोक रुंद असल्यामुळे पातळ कापड सुईबरोबर खाली दाबलंही जातं. टोकाशी कापड गोळा व्हायला एवढं पुरेसं वाटलं. मी तिला 11 नंबरची सुई दिली आणि उरलेल्या कापडावर एक नमुना शिवायला सांगितलं, तिच्या नेहमीच्या पद्धतीनेच.

चुणी आली. तशीच, तेवढीच.

सुई बदलायला हवीच होती, पण हा दोष सुईचा नव्हता. मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. दोन्ही बाह्यांची टोकं उसवायला घेतली. शिवलेल्या वस्तूचा दोष वरून पाहून ओळखता येतो असं आपल्याला वाटतं, पण कात्री कुठे थांबली आणि टीप कुठून गेली हे उसवल्याशिवाय दिसत नाही.

उजव्या बाहीत चिरेभोवती आधी घालायची आधाराची टीप होती. खाली कफाच्या कडेला कापायच्या रेषेपासून 6 मिलिमीटर अंतरावर सुरू झालेली, वर जाता जाता निमुळती होत टोकाला मिळणारी, इंग्रजी व्हीसारखी. टीप चांगली होती. पण चीर तिच्या टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. 4 मिलिमीटर आधीच कात्री थांबली होती. "टीप कापली जाईल या भीतीने थांबले," ती म्हणाली. आणि त्याच्या वर दुसरी गोष्ट: पट्टी जोडताना तिने चिरेची कापलेली कड पट्टीच्या कडेशी शेवटपर्यंत तंतोतंत जुळवली होती. सात टाचण्या लावून. अत्यंत काळजीपूर्वक.

डाव्या बाहीत आधाराची टीपच नव्हती. उजवीकडची चुणी त्या टिपेमुळे जाड झाली असेल असं समजून तिने ती गाळली. चीर या वेळी पूर्ण 8 सेंटीमीटर कापली. पट्टी जोडताना टोकाजवळ बाहीचं कापड तिने बाहेरच्या दिशेला ओढून धरलं, चुणी येऊ नये म्हणून. चुणी आली नाही. पण टोकाशी टिपेत जेमतेम एक धागा अडकला होता. तिसऱ्या धुण्यात तो निसटला आणि मागोमाग वरचेही सुटले.

सरळ काय ठेवायचं?

इथे मी तिला एकच प्रश्न विचारला. पट्टी जोडताना चीर उघडून सरळ रेषेत पसरतेस, तेव्हा सरळ काय असायला हवं: कापलेली कड, की आधाराची टीप?

"कड," ती लगेच म्हणाली.

हेच ते मूळ. आपण शिवणकामात पहिल्या दिवसापासून कडेला कड जुळवायला शिकतो. बाजूची शिवण असो, खांदा असो, कड जुळली की माया सारखी येते. हात ते आपोआप करतात. फक्त इथे ती सवय आड येते, कारण इथे माया सारखी असूच शकत नाही. खाली ती 6 मिलिमीटर आहे आणि टोकाला जवळजवळ शून्य. चीर म्हणजे कापडातली एक रेषा, तिला स्वतःची रुंदी नाही. खाली मोकळ्या कडेपाशी तिच्या दोन्ही बाजूंना माया मिळते, पण टोकाच्या वरचं कापड कापलेलंच नाही, मग तिथे माया येणार कुठून?

कड सरळ ठेवून सगळीकडे 6 मिलिमीटर आत टीप घातली, तर टोकाशी ती टीप न कापलेल्या कापडावरून 6 मिलिमीटर आत जाते. ते कापड मोकळं नाही, ते पलटून सरळ होऊ शकत नाही. त्याची घडी होते आणि टिपेखाली सापडते. उजव्या बाहीत नेमकं हेच झालं होतं. शिवाय 4 मिलिमीटर न कापलेलं अंतर त्यात मिळालं होतं.

म्हणून सरळ ठेवायची ती आधाराची टीप. चीर उघडली की ती व्हीची रेषा एका सरळ ओळीत येते आणि पट्टीच्या कडेपासून 6 मिलिमीटरवर राहते. मग कापलेली कड आपोआप पट्टीच्या कडेपासून दूर जाते: दोन्ही टोकांना जुळलेली, मध्यावर जवळजवळ 6 मिलिमीटर आत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते चुकीचं वाटतं. मध्ये पट्टी उघडी दिसते, बाहीचं कापड कमी पडल्यासारखं वाटतं. ते तसंच दिसायला हवं.

आता घडीचं. टोकाभोवती बाहीचं कापड किती आहे हे तिला कागदावर काढून दाखवलं. 8 सेंटीमीटर उंचीवर 6 मिलिमीटर म्हणजे व्हीची प्रत्येक बाजू कापलेल्या रेषेशी सव्वाचार अंशांच्या आसपास कोन करते. दोन्ही मिळून साडेआठ. पूर्ण वर्तुळातून ते वजा केले की टोकाभोवती बाहीचं सुमारे 351 अंश कापड उरतं. पट्टी सरळ आहे, तिच्या एका बाजूला जागा 180 अंशांची. मग बाकीचे 171 अंश कुठे जातील? ते वर उभे राहणार, घडी होऊन. म्हणजे घडी टाळता येतच नाही. ती चूकही नाही. ती फक्त सुईच्या वाटेत असता कामा नये.

हे कळल्यावर तिचा चेहरा बदलला. इतके दिवस ती घडी नाहीशी करायच्या मागे होती. डाव्या बाहीला तिने ती ओढून नाहीशी केलीच, आणि त्या ओढण्यातच कड टिपेखालून निसटली. चुणी आणि भोक यांच्यामध्ये जागा किती, तर एक-दोन धाग्यांची. पातळ पॉपलिनमध्ये सेंटीमीटरला चाळीसेक किंवा जास्त धागे असतात, म्हणजे दोन धागे म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढ्या अंतरात डोळ्यांनी अंदाज बांधत बसायचं नाही, म्हणून तर आधाराची टीप आधी घालतात. तिच्या धाग्याला चिकटून, तिच्या जरा डावीकडून गेलं की अर्धा मिलिमीटर आपोआप मिळतो. तिने जी टीप बिनकामाची म्हणून गाळली, ती या जागेची खूण होती.

नमुने

शर्टाला हात लावण्याआधी आम्ही चिंध्यांवर पाच नमुने शिवले. मी शिकवताना इथे घाई करू देत नाही. चीर एकदा कापली की परत जोडता येत नाही.

पहिला मुद्दाम जुन्या पद्धतीने, कडेला कड. चुणी आली, मोजली तर 3 मिलिमीटरची.

दुसऱ्यात आधाराची टीप सरळ ठेवली, पण टाका 2.5चाच. चुणी नव्हती, पण टोकाशी कोपरा गोल आला आणि उजेडात धरल्यावर बारीक फट दिसली. लांब टाक्यात टोक दोन भोकांच्या मध्ये पडलं होतं. सुई त्याच्या अलीकडे उतरली आणि पुढची पलीकडे. टोकाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर टाका 1.5 मिलिमीटरवर आणायचा, आणि शेवटचे दोन टाके हाताने चाक फिरवून घालायचे, म्हणजे सुई नेमक्या टोकावर उतरते.

तिसरा तिने बाही खाली आणि पट्टी वर ठेवून शिवला. पुस्तकी आकृतीत कधी कधी तसं दिसतं. घडी खाली राहिली, दिसली नाही, आणि अडकली. शिवाय मशीनचे दाते खालचा थर वरच्यापेक्षा जरा जास्त पुढे ओढतात, म्हणजे इथे नाजूक बाहीच ओढली जाते. मला विचाराल तर यात दोन मतं नाहीत: बाही वर, पट्टी खाली. आम्ही पट्टी आधी बाहीच्या उलट बाजूला लावत होतो, म्हणजे पट्टीची सुलट बाजू वर, तिच्यावर बाहीची उलट बाजू. त्यामुळे बाहीची सुलट बाजू आणि आधाराची टीप डोळ्यासमोर राहते, आणि नंतर पट्टी पलटून शेवटची टीप सुलट बाजूवरून घालता येते. काहीजण उलट क्रमाने, आधी सुलट बाजूला लावून आत हाताने टाके घालतात. तेही चांगलं होतं, पण रोज धुतल्या जाणाऱ्या शर्टाला मी मशीनची टीप पसंत करते.

चौथ्यात ती टोकापर्यंत नीट आली, सुई खाली ठेवली, मशीनचं कापड दाबून धरणारं फूट उचललं, आणि सगळं कापड सुईभोवती फिरवू लागली. कॉलरचा कोपरा वळवतात तसं. हीही हाताची सवयच. इथे वळायचं नसतं. पट्टीवर टीप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सरळ रेषेत जाते. टोकाशी सुई कापडात असताना फूट उचलायचं ते फक्त बाहीची घडी सरकवायला: सुईच्या पुढे उभी असलेली घडी बोटाने किंवा टोकदार काडीने सुईच्या मागे न्यायची, पुढची कड सरळ करायची, फूट खाली. पट्टी जागची हलत नाही.

पाचवा जमला. तिने तो उलटसुलट करून दहादा पाहिला. मग मी तिला कापण्याची एक बारीक गोष्ट सांगितली, जी मला सुरुवातीलाच सांगायला हवी होती. आधाराची टीप टोकाला एकदम टोकदार करू नये. वर पोहोचल्यावर 1.5 मिलिमीटरचा एकच आडवा टाका घ्यावा आणि मग खाली उतरावं. त्या आडव्या टाक्यामुळे कात्रीच्या टोकाला उतरायला जागा मिळते. टोकदार व्हीमध्ये दोन्ही बाजूंच्या टिपा इतक्या जवळ येतात की माणूस घाबरून आधीच थांबतो. ती थांबली होती, 4 मिलिमीटर आधी. कात्री लहान आणि टोकापर्यंत धारदार हवी, आणि टोकाने कापायचं, पात्याच्या मध्याने नाही.

दुरुस्ती

आता खरा शर्ट. बाह्या काखेत शिवलेल्या, कफ लागलेले. ही पट्टी खरं तर बाही सपाट असताना, काखेची शिवण घालण्याआधी शिवायची. नळी झालेल्या बाहीत ती शिवणं म्हणजे खालचा थर सतत चुकवत राहणं. तिला उसवायचं जिवावर आलं होतं. मी आग्रह धरला: कफ चिरेच्या दोन्ही बाजूंनी उसवला, मागच्या बाजूने काखेच्या शिवणीच्या थोडा पुढेपर्यंत, आणि काखेची शिवण खालून 12 सेंटीमीटर. एवढं उसवायला काही मिनिटं लागतात. बाही सपाट झाली की निम्मं काम झालं.

उजवी बाही सोपी वाटत होती. आधाराची टीप चांगली होतीच, राहिलेले 4 मिलिमीटर कापले की झालं, जुनीच पट्टी परत लावू, असं आमचं ठरलं. पट्टी लावायला घेतली तर ती कमी पडू लागली. आधी चीर 7.6 सेंटीमीटर होती, दोन्ही बाजू मिळून 15.2. आता पूर्ण 8 झाल्यावर 16 लागत होते, आणि पट्टीची जादा टोकं कफ लावताना कापून टाकलेली. 8 मिलिमीटर पट्टी ताणून बसवता येत नाही. बसवलीच तर बाहीच चुणते. उरलेल्या कापडातून नवी पट्टी कापली. जुन्या टिपेची भोकं वाफेची इस्त्री देऊन आणि नखाने हलके घासून बरीचशी मिटली. जाड सुईची काही राहिलीच.

डावी बाही अवघड होती. भोक जुन्या टोकाशी, 8 सेंटीमीटर उंचीवर, आणि धागे जेमतेम 2 मिलिमीटर वरपर्यंत सुटलेले. चीर वाढवून टोक वर न्यायचं, म्हणजे भोक मायेत जाईल, हे उघड होतं. किती वाढवायची हा प्रश्न. 1.5 सेंटीमीटर वाढवून टोक 9.5वर नेलं आणि खालून वर सरळ व्ही काढला, तर जुन्या भोकाच्या उंचीला माया 1 मिलिमीटरही उरत नव्हती. म्हणजे भोक परत टिपेच्या काठावर. चीर आणखी वर नेली असती, पण 11-12 सेंटीमीटरची चीर हात हलवला की फाकते.

म्हणून व्ही सरळ काढला नाही. खाली 6 मिलिमीटरवर सुरू केला, साडेसहा सेंटीमीटर उंचीपर्यंत हळूहळू 5वर आणला, आणि तिथून शेवटच्या 3 सेंटीमीटरमध्ये निमुळता केला. अशा रेषेवर 8 सेंटीमीटर उंचीला अडीच मिलिमीटर माया मिळते. भोकाची अर्धी रुंदी एक मिलिमीटर, म्हणजे टिपेच्या आणि सुटलेल्या धाग्यांच्या मध्ये दीड मिलिमीटर धडधाकट कापड. बाटलीच्या गळ्यासारखा आकार झाला. उघडून सरळ करताना साडेसहा सेंटीमीटरच्या जागी कापड किंचित सैल पडतं, ते बोटाने बसवून घ्यावं लागतं.

कापण्याआधी उलट बाजूला, जुन्या आणि नव्या टोकावर, अगदी पातळ फ्युजिंगचा, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराचा, लांबट तुकडा चिकटवला, कडा गोल कापून. चांगल्या विणीच्या नव्या कापडाला मी हे लावत नाही, तिथे छोटा टाका पुरतो. सैल विणीच्या किंवा पटकन धागे सोडणाऱ्या कापडाला, आणि एकदा फाटलेल्या जागेला, मात्र लावावंच. सुटलेले धागे कापून टाकले, ओढले नाहीत. पट्टी 21 सेंटीमीटरची घेतली: 19 अधिक दोन्हीकडे एकेक.

शिवताना तिने एकदाही ओढलं नाही. टोकाशी सुई खाली, फूट वर, घडी मागे, फूट खाली. मी बाजूला बसून होते, बोलले नाही. माया पट्टीकडे वळवून इस्त्री केली, पट्टीची दुसरी कड 6 मिलिमीटर दुमडली, पलटून पहिली टीप जेमतेम झाकेल अशी ठेवली आणि कडेपासून एक मिलिमीटरवर टीप घातली. या दुसऱ्या फेरीतही टोकाशी घडी बघायची असते. पहिल्या फेरीत जपलेलं दुसऱ्या फेरीत अडकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

त्यानंतर एक लहान काम, जे तिने दोन्ही बाह्यांना केलंच नव्हतं. बाही सुलट बाजू आत ठेवून चिरेवर दुमडायची, पट्टीचे दोन्ही पाय, म्हणजे चिरेच्या दोन कडांवरचे तिचे भाग, एकावर एक, आणि पट्टीच्या वरच्या दुमडीवर फक्त पट्टीतून 45 अंशांची तिरकी टीप: बाहीच्या टोकाशी दुमडीवर सुरू करून पट्टीच्या मोकळ्या कडेपर्यंत खाली. टीप एका सेंटीमीटरपेक्षा थोडीच जास्त लांब, पण तिच्याशिवाय पट्टी घडीत राहत नाही आणि बाहेर पलटून जिभेसारखी लोंबते. ही टीप बाहीच्या कापडात गेली तर मात्र चुणी परत येते, म्हणून पट्टी बोटात वेगळी धरून घालायची.

कफ लावताना पुढच्या बाजूचा पाय आत दुमडला, मागच्या बाजूचा बाहेर राहू दिला. पुढची बाजू वर येते, काज तिच्यावर. मागची खाली जाते, बटण तिच्यावर. दुमडलेला पाय कफात अडकवण्याआधी कच्च्या टाक्यांनी बांधून घेतला.

पाच धुण्यांनंतर तिने शर्ट परत आणला. डाव्या टोकाला धागा सुटलेला नाही. हात लावला तर फ्युजिंगची जागा किंचित कडक लागते, दिसत नाही. उजव्या बाहीला जाड सुईच्या दोन भोकांची खूण बारकाईने पाहिली तर सापडते.

दोन चिरांची लांबी मात्र वेगळी राहिली, उजवी 8 आणि डावी 9.5. तिला उजवीही वाढवून सारखी करायची होती. मी नको म्हटलं, कारण त्या टोकाचं कापड एकदा उसवून पुन्हा शिवलेलं होतं आणि धड होतं. ती थोडा वेळ शर्ट घालून आरशासमोर उभी राहिली, कफांची बटणं लावली, हात दुमडून पाहिले. मग बटणं काढली आणि पुढच्या शर्टाच्या बाहीवर खडूने चिरेची रेषा मारायला बसली. टोकाला तिने आडव्या टाक्याची खूण आधीच केली होती.